आंबोलीत तीन दिवस: नऊ पॉइंट नकोत, एक वाट पुरे

पुण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या, त्यांचे मिस्टर, नववीतली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई असे चौघं आंबोलीजवळ एखाद्या गावातल्या घरी तीन दिवस राहायला येणार आहेत. हॉटेल नको, जंगलात चालायचं आहे. नऊ ठिकाणांची यादी त्यांनी केली आहे. ती बसवायची कशी, सोबत गाइड लागेल का, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यांचं काय करायचं आणि मुलीला सापांची भीती वाटते त्याचं काय?

ताई, मी बारा वर्षं घरात पाहुणे ठेवतो आणि त्यांना रानात फिरवतो. म्हणून आधी यादीबद्दल स्पष्टच सांगतो. महादेवगड, नारायणगड, कावळेसाद, नांगरतास, मुख्य धबधबा, हिरण्यकेशी, चौकुळचा सडा, सावंतवाडीचा राजवाडा आणि वर मालवणही! हे सगळं गाडीतून होतं, पण मग तुम्ही बघाल ते गाडीच्या काचेवरचं धुकं. सप्टेंबरात इकडे ढग अजून पुरते निघून गेलेले नसतात. पॉइंटवर पोचावं आणि समोर नुसता पांढरा पडदा असावा, हे तीनातून एकदा तरी होतंच. पडदा हटेपर्यंत थांबायला यादीवाल्यांकडे वेळ नसतो.

माझं म्हणणं असं, की घराच्या दारातून निघणारी दीड-दोन किलोमीटरची एकच वाट धरा आणि ती तीन वेळा चाला. एकदा उजाडताना, एकदा ऊन आल्यावर, एकदा रात्री जेवणाआधी. वाट तीच राहते, पण तिच्यावर राहणारी मंडळी तिन्ही वेळेला बदलतात. पाहुण्यांना पहिल्या दिवशी हे पटत नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तेच टॉर्च घेऊन दारात उभे असतात.

आमच्या वाडीची वाट म्हणून सांगतो, पण चौकुळ, गेळे, आंबोली कुठेही घर घेतलंत तरी थोड्या फरकानं हेच मिळेल. अंगणातून उतरलं की भाताचे कुणगे म्हणजे छोटी खाचरं, मग बांधावरून व्हाळ म्हणजे ओढा, व्हाळ ओलांडला की अंजनी-जांभळाची दाट राई, आणि राईतून वर चढलं की सडा.

उजाडताना म्हणजे सहाच्या सुमारास निघा. चहा घेऊन निघा, नाश्ता परत आल्यावर. या वेळेला डोळ्यांपेक्षा कानांना जास्त काम असतं. व्हाळाकडून कोणी माणूस रमत-गमत शीळ घालत चालल्यासारखा आवाज येईल, सुरावर नीट न बसणारा. तो शीळकरी कस्तुर. गडद निळा पक्षी, पण त्या उजेडात काळाच दिसतो. त्याला शोधायला पुढे पळू नका, बांधावर पाच मिनिटं बसा, तोच दगडावर येतो. राईच्या तोंडाशी शेकरू ओरडेल, ते ऐकून नवखी माणसं पक्षीच समजतात. वर फांद्या हलताना दिसल्या आणि तांबूस झुपकेदार शेपूट लोंबताना दिसली की तेच.

सकाळच्या वाटेवर गव्याचा ताजा माग असतो. कधी गवा स्वतःही असतो. पाठ फिरवून पळायचं नाही, जवळ जायचं नाही, मोबाइल वर करून दोन पावलं पुढे तर अजिबात नाही. थांबायचं, त्याला वाट मोकळी द्यायची. गवा तापट नसतो, पण त्याच्या आणि वासराच्या मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला तो तसं समजावून सांगत बसत नाही. आमच्या रानात अस्वलंही आहेत. म्हणून अंधुक उजेडात घरच्या माणसाशिवाय राईत शिरू नका. गाइडबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

ऊन आल्यावर, म्हणजे साडेनऊनंतर, वर सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. आठ महिने तापलेल्या तव्यासारखं उघडं पडलेलं असतं, आणि पावसात त्या दगडावरच्या बोटभर मातीत एवढी फुलं येतात, की पाय कुठे ठेवावा कळत नाही. मोठं झाड तिथे येऊच शकत नाही, मुळांना खोली नाही. जे काही आहे ते वीतभर उंचीचं. पांढऱ्या मण्यांसारखे गेंद, जांभळी सीतेची आसवं, पिवळा कवला, बांधाकडेनं तेरडा. मुलीला सीतेची आसवं दाखवा आणि सांगा, की ही कीटकभक्षी आहे. मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून ओल्या चिखलात या झाडाला बारीक पिशव्या असतात, त्यांत ती सूक्ष्म जीव ओढून घेते. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. तिच्यासाठी पोटावर झोपावं लागतं, म्हणून अंगाखाली टाकायला एक जुनं पोतं आम्ही नेतोच.

चालायचं दगडावरून दगडावर. ओल्या हिरव्या भागात पाय टाकला की तिथे वर्षभर ठसा राहतो, आणि फुलांच्या मध्ये बसून काढलेल्या फोटोमागे काय चिरडलं गेलं ते फोटोत येत नाही. शेवाळ्यावर ट्रेकिंगचे महागडे बूटही घसरतात, गमबूट तर हमखास. शेतकरी पावसात वापरतात ते प्लॅस्टिकचे स्वस्त बूट आजऱ्याच्या किंवा सावंतवाडीच्या बाजारात मिळतात. माझ्या पायात तेच असतात.

सड्यावरून दुपारी बारापर्यंत खाली या. ही नुसती सूचना समजू नका. २६-२७ सप्टेंबरला हस्त नक्षत्र लागतं आणि हस्ताचा पाऊस सकाळी तोंडही दाखवत नाही. दुपारनंतर एकदम काळं करून गडगडत येतो, विजा घेऊन. उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता. दुसरा धोका धुक्याचा. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी स्वतः सहा पाहुण्यांना घेऊन जुलैत वर गेलो होतो. जन्म इथे गेला, वाट झोपेतही सापडेल, असा तोरा होता. धुकं उतरलं आणि दीड तास आम्ही एकाच डबक्याभोवती फिरत राहिलो. शेवटी एका म्हशीच्या घंटेच्या आवाजावर खाली उतरलो. घरी आल्यावर बायको काही बोलली नाही, नुसता चहा ठेवला. ते जास्त लागलं. आता धुकं दिसलं की मी वर जातच नाही, पाहुण्यांनी कितीही तोंड पाडलं तरी.

रात्रीची फेरी साडेसात ते नऊ. हीच आंबोलीची खरी श्रीमंती, आणि मुलीच्या भीतीवर औषधही हेच. आंबोलीचं नाव लागलेले दोन बेडूक आहेत, दोघांचीही शास्त्रात स्वतंत्र जाती म्हणून नोंद २००९ साली झाली. एक आंबोली टोड, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. तो तुम्हाला सप्टेंबरात दिसेल असं मी सांगणार नाही. त्याची धांदल असते पहिल्या पावसात, जूनच्या सुरुवातीला, जांभ्यावरच्या उथळ डबक्यांत. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटले पाहिजेत, असा त्याचा सगळा जुगार. त्याच दिवसांत ते रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात. दुसरा आंबोलीचा झुडपी बेडूक, अंगठ्याच्या पेराएवढा. याच्या अंड्यांना पाणी लागत नाही. ओल्या मातीत, पानगळीखाली अंडी, आणि अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न येता थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो. म्हणून रात्री वाट सोडून पाचोळ्यात शिरायचं नाही. तुमच्या पायाखाली कोणाचं बाळंतघर आहे ते तुम्हाला दिसत नाही. सप्टेंबरअखेर बेडकांचा कल्ला जूनसारखा नसतो, पण पाऊस पडून गेल्यावर झुडपांतून टिकटिक ऐकू येते. मुलीनं आवाज मोबाइलवर टिपावा, वाजवून मात्र दाखवू नये. खोट्या आवाजाला उत्तर देण्यात त्या जिवाची रात्र फुकट जाते.

आता साप. राईच्या कडेला मलबारी चापडा दिसण्याची शक्यता चांगली आहे. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळसर. रात्री फांदीवर दबा धरून बसतो आणि भक्ष्य समोर येईपर्यंत हलत नाही. मागे एकदा एक चापडा मोरीच्या बाजूच्या झुडपावर लागोपाठ चार रात्री त्याच फांदीवर होता. पाहुण्यांमधला एक लहान मुलगा रोज त्याला ‘गुड नाइट’ करून झोपायला जायचा. अशा सापाला घाबरायचं कारण एकच, न बघता फांदीला हात लावणं. तेव्हा नियम सोपा: हात खिशात किंवा टॉर्चवर, पायाच्या पुढे उजेड, आणि वाटेत कशालाही धरून चढायचं नाही. दोन मीटरवरून बघा, हवं तेवढा वेळ बघा.

फोटोवाल्यांपैकी काहींना सापाला काठीनं उचलून ‘चांगल्या’ फांदीवर ठेवायची खोड असते. तसं करणारा कोणी सोबत असेल तर फेरी तिथेच संपवा. वन्यजीव कायद्यात ते बसत नाहीच, आणि चापडा चावला तर आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस त्याच्यासाठी बनलेलीच नाही. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची. चापड्याच्या दंशानं माणूस सहसा दगावत नाही, पण सूज आणि वेदना पुरेशा असतात. कुठलाही साप चावला तरी पट्टी आवळून बांधू नका, चिरू नका, हातपाय स्थिर ठेवून दवाखाना गाठा. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सावंतवाडीत उपजिल्हा रुग्णालय, आणि त्यापुढची गंभीर केस आमच्याकडे गोव्याला बांबोळीला नेतात. बारा वर्षांत माझ्या एकाही पाहुण्याला साप चावलेला नाही. गांधीलमाशी मात्र तिघांना चावली आहे.

रात्री निघताना हातांना डासांचं मलम लावू नका, किंवा लावलंत तर कशालाही हात लावू नका. बेडकाची कातडी सगळं शोषून घेते. कॅमेऱ्याचा फ्लॅश तोंडावर मारू नका. दुसऱ्या जंगलातून येताना बुटांना लागलेली माती पुण्यातच धुऊन या, मातीतून बेडकांचे बुरशीचे रोग पसरतात.

जळवा. तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळे मनात तेच घेऊन येतात. सप्टेंबरात आहेत, राईत आहेत, लागणारच. ओढून काढू नका, तोंड आत राहतं आणि खाज आठवडाभर टिकते. नखानं कडेनं सरकवा किंवा मिठाची पुरचुंडी टेकवा. रक्त थोडा वेळ वाहतच राहील, कारण जळू रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जळू रोग देत नाही, चिडचिड देते. मला जास्त काळजी गोचिडीची वाटते, पण तिचे दिवस वेगळे, हिवाळा संपत आल्यापासून मेपर्यंत. २०१६ पासून दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, आणि तो गोचिडीतून येतो. पुढे कधी काजू-करवंदांच्या दिवसांत आलात तर पूर्ण बाह्यांचे कपडे, पाचोळ्यात बसणं बंद, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, आणि रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात सांगणं, एवढं पाळा.

सासूबाईंबद्दल. त्यांना सड्यावर नेऊ नका, पण घरात बसवूनही ठेवू नका. बांधापर्यंतची वाट त्यांची. या आठवड्यात भात निसवलेलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडलेलं असतं, सकाळी कुणग्यांवर कोळ्यांची जाळी दवानं भरलेली असतात आणि त्यासाठी गुडघे लागत नाहीत, एक खुर्ची लागते. मी ती नेऊन ठेवतो. मागे सत्तरीतल्या एका आजी तीन सकाळी तिथे बसल्या होत्या. आमची मंडळी वर जाऊन दमून यायची आणि आजी सांगायच्या, आज धनेशांची जोडी गेली, आज मुंगसाची तीन पिल्लं बांधावरून गेली.

त्यांच्यासाठी यादीतलं एक ठिकाण ठेवा, हिरण्यकेशी. वाट बऱ्यापैकी सपाट आहे, राईतून जाते, आणि देवळाच्या मागे गुहेतून नदी उगम पावते. घाटमाथ्याची गंमत त्यांना तिथे सांगा. हे पाणी घटप्रभेला, तिथून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं, आणि तिथून काही किलोमीटरवर घाटात पडलेला पाऊस अरबी समुद्रात. देवळाजवळच्या कुंडात एक बारीकसा मासा आहे, त्याची नवीन जाती म्हणून नोंद २०२० साली झाली आणि नाव नदीवरूनच पडलं. २०२१ मध्ये सरकारनं ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळे कुंडात फुलं, कुंकू, बिस्किटं काही टाकायचं नाही. भाविकांना हे सांगताना मला अजून अवघड जातं. मी एवढंच म्हणतो, देवीचा मासा आहे, त्याचं पाणी उष्टं करू नये. ते ऐकतात.

कावळेसादला एका संध्याकाळी जा, शनिवार-रविवार सोडून. दरीतून वर येणारा वारा पडणारं पाणी उलटं फेकतो, ते बघण्यासारखं आहे. कठड्याच्या आत उभे राहा. बाकीची यादी फाडून टाका. मालवण तर वेगळीच सहल आहे.

घर निवडताना फोनवर काय विचारायचं? खोल्यांचे फोटो सगळेच छान पाठवतात. विचारा, की चालायची वाट दारातून निघते की आधी गाडीनं जावं लागतं. रात्री अंगणातला दिवा बंद करतात का. चालू राहिला तर आजूबाजूचे सगळे किडे तिथे मरतात आणि मागच्या झाडीत काही दिसत नाही. शेजारच्या खोलीतल्यांना स्पीकर लावू देतात का. कमोड आहे का, आणि न्हाणीघरापर्यंत किती पायऱ्या, हे सासूबाईंसाठी. फिरवायला येणारा माणूस गावचाच आहे का आणि त्याचे पैसे त्याच्या हातात जातात का. माझ्या मते गाइड हवाच, निदान रात्रीसाठी आणि सड्यासाठी. बांधापर्यंत तुमचे तुम्ही फिरा, त्यातही मजा आहे.

जेवणाचं आधी बोलून घ्या. आम्ही घाटावर राहतो, समुद्रावर नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तरीही त्या दिवसांत ताजी सुरमई मागणारे आणि मिळाली नाही म्हणून रुसणारे पाहुणे मी पाहिले आहेत. सप्टेंबरात बाजारातून मासे येतात, पण आमच्या चुलीवरचं खरं जेवण म्हणजे कुळथाची पिठी, लाल तांदळाचा भात, नाचणीची भाकरी, सकाळी घावणे-चटणी. भारंगी, टाकळा, फोडशी या रानभाज्यांचा बहर श्रावणातला, तोवर तो ओसरलेला असेल. अळू मात्र हमखास मिळेल. गोडात शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, करायचे तर आदल्या दिवशी सांगा, ते दोन माणसांचं काम आहे.

कपडे वाळत नाहीत. तीन दिवसांना पाच जोड आणा, जाड जीन्स आणू नका. बुटांत रात्री वर्तमानपत्र कोंबा. छत्री आणि रेनकोट दोन्ही घ्या: बांधावर छत्री बरी, सड्यावर वारा ती उलटी करतो. प्रत्येकाचा वेगळा टॉर्च. मोबाइलचा उजेड चालणार नाही, तो धुक्यात पुढे जातच नाही. रोख पैसे ठेवा, नेटवर्क पावसाच्या मर्जीवर असतं.

गणपती त्या वर्षी कधी आहेत ते आधी बघा. गणपतीत इकडे घर पाहुण्यांचं नसतं, देवाचं असतं. मुंबईहून सगळं गोत आलेलं असतं, आम्ही खोल्या देतच नाही. आणि ज्यांना फुलं चुकली तरी चालेल, पण पाय सुके हवेत, त्यांनी डिसेंबर-जानेवारीत यावं. तेव्हा सकाळी शेकोटी लागते, पक्षी भरपूर, जळू एक नाही, आणि सासूबाईंना सड्यापर्यंतही नेता येईल.

पुण्याहून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा असे या. पेट्रोल आजऱ्यात भरून घ्या. तिथला घनसाळ तांदूळ वासाचा असतो, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, पण तो परतीच्या वाटेवर घ्या, म्हणजे ओला होणार नाही. आजऱ्याच्या पुढे रस्ता जंगलातून जातो, अंधारात गवे आडवे येतात, तेव्हा दिवेलागणीच्या आत पोचा. कुठलंही घर ठरवलंत तरी आजऱ्यात थांबल्यावर एक फोन करा, भात किती टाकायचा ते घरच्यांना कळतं.